टिटवीला उत्तर

आमच्या टेंटर रो या आळीत कुणी मिस झिला थॉर्नबरच्या दारावर थाप मारली, की समोरच्या बायका चहा अर्धवट टाकून आधी हिशेब लावायच्या, थाप मारणाऱ्याच्या घरी कोण कोण आजारी होतं. कारण झिला मयताचे कपडे शिवायची. लांब पांढरा झगा, झालरीची टोपी, पायमोजे आणि डोक्याखाली द्यायची उशी. शिलाई इतकी बारीक, की माझी बायको डॉर्कस म्हणायची, "असा झगा जिवंतपणी मिळाला असता तर मी चॅपलमध्ये पुढच्या बाकावर बसले असते."

मी एकदा झिलाला म्हटलंही होतं, "मिस थॉर्नबर, धंदा असावा तर तुमच्यासारखा. गिऱ्हाईक कधी तक्रार घेऊन परत येत नाही. माझ्याकडे बघा, नाल जरा ढिली झाली की लोक बूट घेऊन डोक्यावर उभे."

ती म्हणाली, "तुझं गिऱ्हाईक परत तरी येतं, एनॉक."

मी हसलो. पुढे कितीतरी वर्षं हे तिचं एक विनोदी वाक्य म्हणून सांगत होतो.

मी एनॉक ब्रायर्ली. ब्रॅकनशॉ या गिरणीच्या गावात लाकडी तळाचे बूट बनवतो, त्यांना लोखंडी नाला ठोकतो. गिरणीत जाणाऱ्या निम्म्या गावाचे पाय मला तोंडपाठ आहेत, आणि उरलेल्या निम्म्या गावाच्या भानगडी. दुकान रस्त्याच्या या बाजूला, झिलाचं घर बरोब्बर समोर. मधे सहा पावलांचा रस्ता, आणि तो ओलांडून तिच्याकडे कामाशिवाय कुणी जात नसे. लोक काही वाईट नव्हते. गिरणीतून येताजाता "काय मिस थॉर्नबर, गारठा आहे!" म्हणायचे, पण तिने आपल्याकडे जरा निरखून पाहिलं तर अंगात शहारा यायचा. आपली उंची मोजतेय असं वाटायचं. खरं तर बिचारीची नजर कमी होती, म्हणून निरखायची.

आता 'लँटर्न'बद्दल. 'इव्हनिंग लँटर्न' हे लंडनचं साप्ताहिक. त्यात एक लांबलेली कादंबरी, एक प्रवासवर्णन, पोटदुखीवरचा उपाय आणि कविता. कविता म्हणजे पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत बसवलेल्या, जशी मी उरलेल्या चामड्यातून लेकराच्या बुटाची पट्टी काढतो. आम्ही पाच घरं मिळून एक अंक घ्यायचो. शनिवारी तो प्रथम माझ्याकडे यायचा, कारण माझा आवाज मोठा. गिरणी दोनला सुटली की माणसं नाला ठोकून घ्यायला यायची आणि मी वाचून दाखवायचो. मग अंक घरोघर फिरत केरशॉंकडे, आणि तिथून गुरुवारी शेवटच्या घरी, झिलाकडे. तिचं घर शेवटी का, तर तिच्या घरातून बाहेर आलेला कागद कुणाला आपल्या चुलीपाशी नको होता. शेवटच्या घराकडे अंक कायमचा राहायचा. त्यामुळे सात वर्षांचे 'लँटर्न' तिच्या कपाटात होते, नीट दोऱ्याने शिवलेले.

तरी झिला शनिवारी दुकानात यायचीच. हातात बूट घेऊन दाराशी उभी. गुरुवारी अंक घरीच येणार, मग शनिवारी ऐकायला कशाला यायचं? बूट बघावेत तर नाला नव्या कोऱ्या.

"डॉर्कस," मी म्हणायचो, "ही बाई माझ्यावर भाळलीय."

"तुझ्यावर?" डॉर्कस म्हणायची. "तिची नजर कमी आहे हे ठाऊक होतं. इतकी कमी असेल असं वाटलं नव्हतं."

दुकानात सगळ्यांना सर्वात आवडायचं ते कादंबरीचं प्रकरण नव्हतं. आवडायचं ते शेवटचं पान: 'पत्रलेखकांस उत्तरे'. कविता पाठवणाऱ्यांना संपादक घरी पत्र पाठवत नसे आणि कागदही परत करत नसे. उत्तर तिथेच छापायचा, टोपणनावाने, सगळ्या देशासमोर. "एक दुःखी पिता. — भावना खऱ्या, यमके खोटी." "गुलाबकळी. — आमच्याकडे मरणाऱ्या बालकांवरच्या चाळीस कविता पडून आहेत, आपली एकेचाळिसावी." मी हे उपदेशकाच्या आवाजात वाचायचो, आणि विणकर ॲमॉस हसता हसता ठसका लागून पाठीवर थाप मारून घ्यायचा.

या सगळ्यांत आमची लाडकी होती टिटवी.

टिटवी नावाने कुणीतरी तीन वर्षं चिकाटीने कविता पाठवत होतं. आमच्या वरच्या माळावर टिटव्या असतात, त्या रडतात तसं रडगाणं असणार हे आम्ही ठरवूनच टाकलं होतं. पहिलं उत्तर होतं, "टिटवी. — ओळी लंगडतात." आम्ही त्यावर महिनाभर जगलो. ॲमॉस दारातून ओरडायचा, "एनॉक, टिटवीचा पाय कसा आहे?" मग, "टिटवी. — दुसरे कडवे बरे." मग, "टिटवी. — शेवट ओढूनताणून. पण पाठवत राहा." मग एका शनिवारी, "टिटवी. — ठेवून घेतले आहे. जागा मिळाल्यास."

"ठेवून घेतलंय!" म्हातारा सायलस केरशॉ काठी आपटून म्हणाला. "पोरी, शाब्बास!"

"पोरगी कशावरून?" ॲमॉस म्हणाला. "दाढीवाला पाद्री असेल."

"पोरगीच आहे. आणि एकटी आहे बिचारी."

"तुला रे काय ठाऊक?"

"ज्याच्या घरात बोलायला माणूस आहे, तो तीन वर्षं लंडनच्या शिव्या खात बसेल का?" सायलस म्हणाला. सगळे हसले. मी दाराकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

जागा काही मिळेना. हिवाळा आला, आठवडे गेले. टिटवीला उत्तर नाही, टिटवीची कविता नाही. शनिवार फिके जायला लागले. मग मला ते सुचलं. माझ्या डोक्यात काही सुचलं की डॉर्कस हातातलं काम खाली ठेवते, तेव्हाही ठेवलं. "एनॉक, नको," ती म्हणाली. अजून मी काय ते बोललोही नव्हतो.

आम्ही दोघांनी, मी आणि ॲमॉसने, वजडीवर प्रेमगीत लिहिलं. चौदा कडवी.

हे वजडी, तुझ्या सुरकुत्यांत हरवले माझे मन,
कांद्याविना, सिरक्याविना कसे कंठू जीवन!

ॲमॉसने कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात ते कागदावर उतरवलं, आणि खाली मी सही ठोकली: टिटवी. लंडनमध्ये अक्षर कोण ताडून बघतं?

कुणीच बघितलं नाही. तिसऱ्या शनिवारी उत्तर आलं. मी पिंपावर चढलो, घसा साफ केला, चष्मा नाकाच्या टोकावर ओढला आणि वाचलं:

"टिटवी. — पोचले. आजवर आपल्याला धीर देत आलो ही आमचीच चूक. यापुढे काहीही पाठवू नये. हात रिकामे असतील तर शिवणकाम शिकावे."

दुकानात असा हशा उठला की खुंटीवरचे बूट हलले. ॲमॉसच्या डोळ्यांतून पाणी. मी पुन्हा वाचलं, 'शिवणकाम'वर थांबून. तेवढ्यात दार उघडल्याचा गार वारा पायांना लागला. झिला रस्ता ओलांडून चालली होती. बूट माझ्या फळीवर तसेच राहिले होते.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गुरुवारी सायलस केरशॉच्या लेकीने, रेचलने, अंक नेऊन दिला, तर झिला दारातूनच म्हणाली, "तुझ्याकडेच ठेव. मला नको आता."

यावर आळीत मोठी पंचाईत झाली. शेवटचं घरच गळालं, मग अंक राहणार कुठे? मला सांगितलं गेलं, जा विचारून ये, तुझी जीभ लांब. मी तिचे बूट काखोटीला मारून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा, घरात मयत नसताना, मी तिच्या दारावर थाप मारली.

आत चुलीत धग होती नव्हती एवढी. टेबलावर पांढरं कापड पसरलेलं. ती दोरा आणायला मागच्या खोलीत गेली आणि मी, सवयीने, अर्धवट उघडं कपाट आणखी थोडं उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला चिटोऱ्या डकवल्या होत्या. एकाखाली एक, सरळ रेषेत, जशी तिची शिवण. टिटवी. — ओळी लंगडतात. टिटवी. — दुसरे कडवे बरे. टिटवी. — पाठवत राहा. प्रत्येकीच्या बाजूला तारीख, बारीक अक्षरात. सगळ्यात खाली शिवणकामाची. तिच्याखाली जागा बरीच होती, पण तिथे शिसपेन्सिलीने आडवी रेघ मारलेली.

मी कपाट होतं तसं लोटलं. दर शनिवारी ती ऐकायला यायची ते या चिटोरीसाठी. गुरुवारपर्यंत धीर निघत नसे म्हणून. आणि ती मी वाचायचो, पिंपावर चढून, उपदेशकाच्या आवाजात.

ती बाहेर आली. तेव्हाच सांगायला हवं होतं. "मिस थॉर्नबर, ते उत्तर तुम्हाला नव्हतं." सहा शब्दांचं काम. त्याऐवजी मी काय म्हणालो असेन? "मिस थॉर्नबर, बूट राहिले तुमचे. नाला बघा, अजून माझ्यापेक्षा तरण्या आहेत."

ती म्हणाली, "ठेव तिथे."

घरी आलो आणि डॉर्कसला सांगितलं. ती बराच वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "उद्या जा आणि कबूल हो."

"उद्या जातो."

उद्या ॲमॉस आला. परवा पाऊस. तेरवा माझ्या दातात कळ. असे सात आठवडे मला रोज काही ना काही झालं. ती सहा पावलं मला मँचेस्टरपेक्षा लांब झाली.

त्यातच सायलस केरशॉ गेला. रात्रीची थंडी छातीत बसली आणि दोन दिवसांत आटोपला. झिलाने त्याचे कपडे शिवले. आम्ही चौघे त्याला पेटीत ठेवत होतो तेव्हा त्याचं डोकं उशीवर टेकवताना कुरकुर असा आवाज झाला. ॲमॉस दचकला.

"कागद आहे आत," रेचल डोळे पुसत म्हणाली. "लाकडाचा भुसा संपला होता म्हणे. तिने आपली जुनी वही फाडून भरली. मी म्हटलं चालेल, त्याला वाचायची आवड होतीच."

मी उशीकडे बघत राहिलो. झालरीजवळ, शिवणीतून, निळ्या शाईचा एक कोपरा डोकावत होता. सायलसच्या आधी त्या महिन्यात दोन पेट्या गेल्या होत्या आळीतून. त्यांच्याही उशा होत्या. पेटीचं झाकण लागलं तेव्हा मला वाटलं ओरडावं. तुमच्यापैकी कुणी असं काही पाहिलं असेल तर ठाऊक असेल, त्या वेळी कुणी ओरडत नाही. टोपी काढून उभा राहिलो.

सायलसला पुरल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी अंक आला. चारलाच काळोख पडला होता, मी दिवा लावला. ॲमॉस नाल ठोकून घेत बसला होता. दुकानात पूर्वीसारखी दाटी नव्हती. कादंबरीतला लॉर्ड अजून मरत नव्हता. त्याच्या पानाच्या तळाशी, जिथे प्रकरण थोडं आखूड पडलं होतं, बारीक टाइपात बारा ओळी होत्या. मी वाचायला लागलो आणि मग माझं मलाच ऐकू यायला लागलं.

समोरच्या दुकानातला दिवा माझ्या भिंतीवर,
चार बोटं उजेड, बाकी सगळं घर अंधार;
कुणी हसलं तिथे की इथे हलतो चौकोन जरा,
मी खुर्ची सरकवून बसते, जणू माझाही शेजार.

अशी तीन कडवी. खाली: टिटवी.

कुणी हसलं नाही. ॲमॉसचा एक पाय अनवाणी तसाच हवेत. "हे बरं आहे रे," तो हळूच म्हणाला, जणू चॅपलमध्ये बोलतोय. "सायलसला आवडलं असतं. शेवटचं पान बघ, उत्तर आहे का?"

होतं. "टिटवी. — आपल्या ओळींना या अंकात जागा मिळाली. मागे आपल्या नावाने आलेला कागद दुसऱ्या कुणाचा असावा असे आता वाटते; तसे असल्यास आम्ही दिलगीर आहोत. वही असल्यास सगळी पाठवावी."

मी अंकाची घडी केली. ॲमॉस म्हणाला, "अरे, प्रकरण राहिलं!" डॉर्कसने त्याच्या हातात त्याचा बूट दिला आणि त्याला घरी पाठवलं. सात वर्षांत प्रथमच अंक क्रम मोडून शनिवारीच शेवटच्या घरी निघाला.

झिलाने दार उघडलं तेव्हा मी टोपीसुद्धा काढली नव्हती.

"वजडीवरचं गाणं मी लिहिलं होतं," मी म्हणालो. "तुमच्या नावाने. ते शिवणकामाचं उत्तर मला होतं. मला ठाऊक नव्हतं तुम्ही... आणि मग ठाऊक झालं, तरी आलो नाही. सात आठवडे."

ती बघत राहिली. निरखून, उंची मोजल्यासारखी.

"वजडीवर?" ती म्हणाली.

"चौदा कडवी."

"चौदा!" तिने दाराच्या चौकटीला हात टेकवला. "एनॉक, मग संपादक सभ्य माणूस म्हणायचा."

मी अंक पुढे केला. तिने तो दिव्याजवळ नेला, नाकाला लावून वाचला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझ्या दुकानातला दिवा खरोखरच तिच्या भिंतीवर पडला होता. चार बोटांचा. डॉर्कस आत फिरली की हलायचा.

"चौथं कडवं कापलंय," ती म्हणाली. "बारा ओळींचीच जागा असेल."

"काय होतं त्यात?"

"ते सायलसच्या डोक्याखाली आहे." तिने अंक टेबलावर ठेवला, कापडाची सुरकुती सरळ केली. "सगळी वही तिघांत वाटली मी. म्हटलं, या आळीत मी लिहिलेलं कुणी जवळ ठेवायचं तर असंच."

एकही विनोद सुचला नाही.

"आठवेल तेवढं पुन्हा लिहा," शेवटी म्हणालो. "त्यांनी सगळी मागितलीय. मी स्वतः टपालात टाकतो. आणि उद्याच चॅपलच्या दारात उभा राहून सांगतो, टिटवी म्हणजे आपल्या मिस थॉर्नबर!"

"नाही." ती पटकन म्हणाली. "कुणाला सांगायचं नाही."

"अहो पण का? लोक घरी येतील तुमच्या!"

"एक दिवस येतील. मग त्यांना आठवेल मी काय शिवते." ती खुर्चीत बसली. "एनॉक, शनिवारी तुम्ही हसायचात ते मला लागायचं. नाही कसं लागणार? पण ॲमॉस दारातून ओरडायचा, टिटवीचा पाय कसा आहे. सायलस म्हणाला, शाब्बास पोरी. तीन वर्षं टिटवीची चौकशी होत होती. झिलाची कुणी कधी केली? तू सांगितलंस तर ती टिटवी पण या घरात येऊन बसेल, माझ्यासारखी."

मी तेव्हा कुठे टोपी काढली.

"मी गेल्यावर सांग," ती म्हणाली. "तोवर नाही सांगितलंस तर तू फुटशील हे ठाऊक आहे मला. पण तेवढी शिक्षा तुला हवी."

"आणि लिहिणं?"

"लिहीन. पाठवणार नाही. पाठवून झालं."

पुढच्या शनिवारी ती बूट घेऊन दाराशी उभी होती. मी वाचलं, शेवटच्या पानापर्यंत. ॲमॉसने विचारलं, "टिटवी काय म्हणते?"

"या आठवड्यात काही नाही," मी म्हणालो.

"येईल, येईल," ॲमॉस म्हणाला, आणि झिलाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघणारा मी एकटाच होतो.

असं अकरा वर्षं चाललं. मी, ज्याला शेजाऱ्याच्या मांजरीला पिल्लं झाल्याचंसुद्धा पोटात ठेवता येत नाही, त्याने हे ठेवलं. अधूनमधून मी रस्ता ओलांडून जायचो, चहा घ्यायचो. तिने कधी काही वाचून दाखवलं नाही. मी एकदा कपाटाकडे नुसतं बघितलं तर म्हणाली, "एनॉक, हात खिशात."

गेल्या फेब्रुवारीत ती गेली. तिचे कपडे तिने स्वतः शिवून तयार ठेवले होते, खालच्या कप्प्यात, मधे लव्हेंडर घालून. डॉर्कस आणि रेचलने तिला ते घातले. मग डॉर्कसने मला दारातून हाक मारली.

"एनॉक, इकडे ये. उशी बघ."

ती नेहमीच्या उशीपेक्षा दुप्पट जाड होती. डॉर्कसने तिच्यावर हात दाबला. कुरकुर झाली, पुष्कळ कागदांची. अकरा वर्षांची.

डॉर्कसच्या हातात कात्री होती. "उसवू?" ती म्हणाली. "परत शिवेन. कुणाला कळणार नाही."

माझ्या आयुष्यात मी दुसऱ्याचं पत्र, दुसऱ्याचं कपाट, दुसऱ्याचं भांडण कधी बंद राहू दिलं नाही. चौथं कडवं तिने पुन्हा लिहिलं असेल तर तिथेच होतं, चार बोटांच्या अंतरावर.

"राहू दे," मी म्हणालो. "पाठवायचं नव्हतं तिला."

मूठमाती देऊन झाल्यावरच्या शनिवारी दुकानात अंक आला. मी प्रकरण वाचलं, पोटदुखीचा उपाय वाचला. ॲमॉस आता म्हातारा झालाय, दोन दात उरलेत, पण सवय जात नाही. "काय रे, टिटवीचं काही?"

मग मी सांगितलं. पहिल्यापासून, वजडीसकट. पिंपावर चढलो नाही, खाली बसूनच सांगितलं. संपल्यावर कुणी नाल ठोकायला सांगेना. ॲमॉसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"म्हणजे आपण हसायचो," तो म्हणाला, "तेव्हा ती कुठे असायची?"

"तिथे," मी म्हणालो. "दाराशी. तुझ्या मागे."

त्याने वळून दाराकडे पाहिलं. आणि मग, आयुष्यभर त्या दाराजवळ बसलेला हा माणूस उठला आणि त्याने आपलं स्टूल थोडं आत सरकवलं, तिथे कुणाला उभं राहायला जागा व्हावी तसं.